हॅम्बुर्ग ते लुलेओ : कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी

शनिवार : हॅम्बुर्ग ते योनशोपिंग

ताईची हॅम्बुर्गमधली नोकरी संपली आणि नवी मिळाली ती थेट लुलेओला, स्वीडनच्या उत्तरेकडे, बोथनियाच्या आखाताकाठी. सामान आधीच पुढे गेले होते. राहिली होती तिची डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन. ती न्यायची की इथेच विकायची, यावर प्रत्येकाचे वेगळे मत. कुणी म्हणत होते, तिकडे डिझेल टाकीतच थिजते, विकून मोकळी हो. कुणी म्हणत होते, तिथले सगळे ट्रक कशावर चालतात मग? ताईने दोन्ही ऐकून घेतले आणि मला फोन केला. “तू ये. गाडी घेऊनच जाऊ. नवीन कामात मला मधून मधून आतल्या भागात जावं लागणार आहे, तर आधी तिथल्या आर्येप्लोग गावाला जाऊन बघू आणि मग लुलेओला उतरू.” जानेवारीचा शेवटचा आठवडा होता, आणि आर्येप्लोगचा अंदाज उणे ३० च्या आसपास.

निघताना पंपावर ताई टाकी फुल्ल करायला निघाली, तर मी म्हणालो, “ताई, अर्धीच भर.” तिने प्रश्नार्थक पाहिले, पण अर्धीवर थांबली.

डिझेलमध्ये पॅराफिन असते. मेणबत्तीतल्या मेणाच्याच कुळातले. गारठा वाढला की त्याचे बारीक स्फटिक धरू लागतात, आधी डिझेल गढूळ दिसते, आणि मग ते स्फटिक फिल्टरच्या जाळीवर जमून वाट बंद करतात. म्हणजे डिझेल दगडासारखे गोठण्याच्या कितीतरी आधी गाडी बंद पडते. म्हणून युरोपात डिझेलची प्रत ठरवताना ‘कोणत्या तापमानाला फिल्टर तुंबतो’ हा आकडा महत्त्वाचा धरतात. जर्मनीत उन्हाळ्यात तो ० अंश असतो, आणि १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उणे २०. हॅम्बुर्गच्या थंडीला हे भरपूर झाले. आर्येप्लोगच्या थंडीला नाही. अतिथंड प्रदेशांसाठी त्याच युरोपीय मानकात वेगळे वर्ग आहेत. शून्य क्रमांकाचा वर्ग उणे २० पर्यंत, त्यापुढे २६, ३२, ३८ आणि चौथ्या वर्गाला थेट उणे ४४. पंपावर नाव एकच, ‘डिझेल’. नळीतून येणारा माल मात्र देश, प्रदेश आणि महिना पाहून बदलतो. दक्षिणेचे डिझेल जितके कमी घेऊन जाऊ तितके बरे, एवढाच माझा हिशेब होता.

पुटगार्डनहून रोडबीला फेरीबोटीने पाऊण तासात पोचलो, कोपनहेगनला वळसा घातला, ओरेसुंडचा पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरलो. २००० साली हा पूल खुला झाला आणि स्कॅन्डिनेव्हियाचा हा कोपरा युरोपच्या रस्त्यांना जोडला गेला. बाहेर २ अंश, पाऊस, हायवेवर एकसारखा वेग. अशा प्रवासाला डिझेल इंजिनाहून चांगला सोबती मला माहीत नाही. योनशोपिंगला पोचेपर्यंत गाडीबद्दल लिहावे असे काही घडलेच नाही.

रविवार : योनशोपिंग ते येव्ले

सकाळी उणे ६. काचेवर बर्फाची साय, तळे धुक्यात. पहिल्याच सेलमध्ये गाडी सुरू झाली, पण आतली ऊब यायला वेळ लागला. ताई हातमोजे घालूनच चालवत होती.

ही तक्रार सगळे डिझेलवाले करतात आणि तिचे मूळ इंजिनाच्या गुणातच आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवले, त्याने इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लावली होती. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही जमत नव्हते. आजची डिझेल इंजिने चांगल्या स्थितीत ४० टक्क्यांपर्यंत जातात. जी उष्णता चाकांकडे गेली ती इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरत नाही, आणि कूलंट तापला नाही तर हीटर गार हवाच फेकणार. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर विजेची छोटी शेगडी बसवलेली असते. काहींमध्ये टाकीतलेच थोडे डिझेल जाळून कूलंट तापवणारा वेगळा हीटर असतो. ताईच्या गाडीत पहिली सोय आहे, दुसरी नाही.

मी गाडीला एक छोटा रीडर जोडला होता. कूलंटचे तापमान आणि धुराच्या फिल्टरमधली काजळी फोनवर दिसत होती. योनशोपिंगमधून बाहेर पडताना १५ अंश, वेटर्न तळ्याच्या काठाने बरेच अंतर गेल्यावर ८८. नंतर स्टॉकहोमपर्यंत आकडा हलला नाही. त्यापुढेही नाही. येव्लेला मुक्काम.

सोमवार : येव्ले ते उमेओ

आजचे महत्त्वाचे काम एकच, टाकीतले डिझेल बदलणे. काल वाटेत मोजकेच डिझेल घेतले होते. सुन्द्सवालपर्यंत काटा पावच्या खाली आला तेव्हा तिथे भरले. शेलेफ्तेओला पुन्हा भरायचे ठरवले, म्हणजे किनारा सोडून आत शिरताना टाकीत, नळ्यांत आणि फिल्टरमध्ये सगळीकडे उत्तरेचाच माल असेल. अर्धे दक्षिणेचे आणि अर्धे उत्तरेचे मिसळले की आकडा बरोबर मधोमध येतो असे नाही. मेण दक्षिणेच्या डिझेलात असते आणि ते मिश्रणातही आपले काम करते.

स्वीडनच्या डिझेलचा आणखी एक चांगला गुण आहे. १९९१ साली सरकारने करसवलत देऊन ‘पर्यावरण वर्ग १’ नावाचे डिझेल बाजारात आणले. गंधक नगण्य, सुगंधी हायड्रोकार्बन ५ टक्क्यांच्या आत. मुख्य हेतू शहरांतली हवा सुधारण्याचा होता. पण हे डिझेल हलके असल्याने थंडीतही ते चांगले वागते. बऱ्याच पंपांवर वनस्पती तेले आणि चरबीवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले डिझेलही मिळते. तेही कडक थंडीसाठी तयार करता येते. जुन्या पद्धतीचे बायोडिझेल मात्र साध्या डिझेलपेक्षाही लवकर थिजते. दोघांच्या नावात ‘बायो’ आले की लोक एकाच रांगेत बसवतात, आणि उणे २० ला त्याचा त्रास होतो.

होगा कुस्तेनच्या पुलावर वारा जबरदस्त होता. १९९७ चा हा झुलता पूल, मधला गाळा १,२१० मीटरचा. बाहेर उणे १४. इथे ताईने विचारले, “ॲडब्लूचं काय? ते तर पाण्यातलं युरिया. गोठणारच ना?” गोठतेच, उणे ११ ला. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी नव्या डिझेल गाड्या हे द्रावण सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात फवारतात. त्याच्या टाकीला म्हणूनच हीटर असतो, आणि द्रावण वितळेपर्यंत गाडी त्याच्याशिवाय चालू देण्याची मुभा असते. त्यामुळे गोठलेले ॲडब्लू हा घोळ नाही. डिकीत सुटी बाटली ठेवली तर ती फुटू शकते, कारण गोठताना ते फुगते. आमची बाटली आम्ही हॉटेलच्या खोलीत नेली.

उमेओत पार्किंगच्या प्रत्येक जागेसमोर एक बुटका खांब, त्यावर झाकण आणि आत विजेचे सॉकेट. अर्ध्याअधिक गाड्यांच्या तोंडातून वायर निघून त्या खांबाला लागलेली. हा इंजिन तापवण्याचा हीटर. इंजिनाच्या ठोकळ्यात किंवा कूलंटच्या नळीत बसवतात. साधारण ५०० वॉटच्या आसपासचा. खांबावर टायमर असतो. सकाळी सातला निघायचे तर पाचला वीज सुरू होते. रात्रभर चालू ठेवून काही उपयोग नाही, दोन-तीन तासांनी इंजिन जेवढे तापायचे तेवढे तापते. स्वीडिश कॅलिक्स आणि नॉर्वेची डेफा ही नावे इथे ज्याच्या त्याच्या तोंडी.

डिझेल थंडीत चालते का, याचे निम्मे उत्तर मला त्या पार्किंगमध्येच मिळाले. थंड प्रदेशांनी ही गोष्ट एकट्या गाडीवर सोपवलेली नाही. पंपावरचा माल, घराबाहेरचा खांब, पहाटेचा टायमर, हे सगळे मिळून डिझेल इंजिन चालवतात. उणे २५ तेच असले तरी जिथे ही व्यवस्था नाही तिथे ते फार वेगळे वाटेल.

मंगळवार : उमेओ ते आर्येप्लोग

शेलेफ्तेओला टाकी फुल्ल करून ९५ क्रमांकाच्या रस्त्याला लागलो. यालाच सिल्वरव्हेगेन, चांदीचा रस्ता म्हणतात. पुढे तो नॉर्वेत जातो. गावे संपली, दोन्ही बाजूंना पाइन आणि स्प्रूस, मधून मधून रेनडिअर, आणि रस्ता पांढरा फटक दाबलेल्या बर्फाचा. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ताईचे टायर हिवाळी होते, पण बिनखिळ्यांचे. जर्मनीत खिळ्यांच्या टायरना बंदी आहे. दाबलेल्या बर्फावर ते नीट धरत होते. चौकांत बर्फ घासून आरसा झालेला होता, तिथे मात्र ताईने गाडी पायी चालल्यासारखी नेली.

आर्विद्सयाउरच्या पुढे तापमान दर काही किलोमीटरला घसरत गेले. उणे १८, २१, २३. आर्येप्लोग हे जगातल्या गाडीवाल्यांचे थंडीचे गाव आहे. तीन हजारांहून कमी वस्तीची नगरपालिका. पण हिवाळ्यात मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या आणि बॉशसारखे सुटे भाग बनवणारे आपले इंजिनिअर इथे पाठवतात आणि गोठलेल्या तळ्यांवर ब्रेक, स्टिअरिंग, इंजिने तपासतात. वाटेत काळ्या-पांढऱ्या नागमोडी चट्ट्यांनी आकार लपवलेल्या गाड्या सारख्या समोरून येत होत्या. याच नगरपालिकेतल्या वुओग्गाचोल्मेला २ फेब्रुवारी १९६६ रोजी उणे ५२.६ अंशांची नोंद झाली, स्वीडनची आजवरची सर्वांत कमी.

मुद्दाम खांबापासून लांब, उघड्यावर गाडी लावली. ताईच्या गाडीला हीटर नाहीच. उघड्यावर रात्रभर राहून ती उठते का, हेच पाहायचे होते.

बुधवार : आर्येप्लोग

सकाळी उणे ३१. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. होर्नावान तळ्यावर, जे दोनशे मीटरहून खोल आहे, उजेड अजून निळा होता.

सेल मारण्याआधी काय काय आडवे येते, ते ताईला सांगत होतो, आणि खरे तर स्वतःलाही. पेट्रोल इंजिनाला ठिणगी असते आणि पेट्रोलची वाफ गारठ्यातही होते. डिझेल इंजिनाला ठिणगी नाही. हवा पंधरा-सोळा पट दाबून इतकी तापवायची की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटेल, एवढाच त्याचा भरवसा. पण उणे ३१ ची हवा, तितक्याच गार सिलिंडरच्या भिंतींत दाबली तर तिची उष्णता भिंती ओढून घेतात. म्हणून ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये विजेवर तापणाऱ्या कांड्या. ते काही सेकंदांत लालबुंद होतात, नवे सिरॅमिकचे तर १,००० अंशांच्या घरात जातात. त्यांना आणि स्टार्टरला वीज द्यायची बॅटरीने, जिची ताकद उणे १८ लाच जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झालेले असते आणि स्टार्टरवरचा भार वाढतो. तीन गोष्टी एकाच क्षणी विरुद्ध बाजूने ओढतात. डिझेल गाडीची थंडीतली कसोटी असते ती हीच.

तयारी ताईने आधीच केलेली होती. शरद ऋतूत नवी बॅटरी, आणि 0 डब्ल्यू प्रतीचे तेल. या प्रतीचे तेल उणे ३५ ला स्टार्टरने फिरेल आणि उणे ४० लाही पंपातून वाहील इतके पातळ राहावे लागते. 5 डब्ल्यूची हीच परीक्षा उणे ३० आणि उणे ३५ ला होते. काल मी म्हणत होतो हा खर्च थोडा जास्तीचा आहे. आज नाही म्हणणार.

चावी फिरवली. ग्लो प्लगचा पिवळा दिवा बराच वेळ जळत राहिला. विझल्यावर पुन्हा एकदा चावी मागे घेऊन दुसऱ्यांदा तापू दिले. क्लच पूर्ण दाबला, गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा भार तरी सुटावा म्हणून. सेल मारला. इंजिन इतके सावकाश फिरले की एकेक दाब वेगळा ऐकू आला. मग एका सिलिंडरने धरले, मग दुसऱ्याने, सगळी गाडी थरथरली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. तो न जळलेल्या डिझेलचे तुषार असतात. अर्ध्या मिनिटात चारही सिलिंडर लागले आणि आवाज एकसारखा झाला. “धरलं गं बाईनं!” ताई ओरडली.

गाडी जागेवर तापवत ठेवली नाही. जागेवर चालणारे डिझेल इंजिन या थंडीत तापतच नाही, उलट काजळी धरते, आणि स्वीडनच्या अनेक नगरपालिकांत विनाकारण इंजिन चालू ठेवायला बंदीच आहे. काचा साफ करून सावकाश निघालो. पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग जड, शॉकॲब्सॉर्बर लाकडी, आणि रात्रभर एकाच जागी दबलेले टायर धपधप वाजत होते. गावाबाहेर चांगले अंतर काटल्यावरही कूलंट ५० च्या वर गेला नव्हता. हीटरची पहिली खरी ऊब आली तेव्हा आम्ही परत वळलो होतो.

हॉटेलच्या आवारात वेगळेच नाट्य चालू होते. दक्षिणेकडून आलेली एक डिझेल व्हॅन. मालकाने सकाळी सुरू केली, ती लगेच सुरू झाली, एखादे मिनिट चालली आणि दम कोंडल्यासारखी बंद पडली. मग कितीही सेल मारले तरी नाही. मेण धरलेल्या डिझेलची ही ठरलेली लक्षणे आहेत. नळ्यांत आणि पंपात जे पातळ उरलेले असते त्यावर ती सुरू होते, फिल्टरमधून नवे येईना की थांबते. त्या माणसाने टाकी स्वीडनमध्ये शिरण्याआधी भरली होती आणि प्रवासात गरम इंजिनाच्या जोरावर इथपर्यंत आला होता. रात्री गाडी गार झाली तेव्हा टाकीतला माल उघडा पडला.

ओढून नेऊन ती व्हॅन तापवलेल्या शेडमध्ये ठेवली. मी आणि ताई मागोमाग गेलो. मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला. जाळीवर पिवळट, ओल्या साबणासारखा थर. मालकाच्या हातात थिजण्याविरुद्धचे औषध होते, ते त्याने बंद पडल्यावर टाकीत ओतले होते. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, “हे मेण जमायच्या आधी टाकायचं असतं. जमलेलं ते वितळवत नाही. आता ऊब द्यायची आणि फिल्टर बदलायचा, एवढंच.” मी विचारले, पूर्वी लोक डिझेलमध्ये थोडे पेट्रोल किंवा रॉकेल टाकत, ते का नाही? त्याने जोरात मान हलवली. “जुन्या इंजिनांत चालायचं. आता पंप दोन हजार बारचा दाब देतो आणि डिझेलच त्याचं वंगण असतं. पेट्रोल घातलंत तर पंप घासून संपेल, आणि पंपाचा चुरा इंजेक्टरमध्ये जाईल.” मग फिल्टरच्या तळातून पाणी काढून दाखवले. डिझेलमध्ये साचलेला तो थोडासा ओलावाही गोठून वाट अडवतो, म्हणून हिवाळ्याआधी फिल्टर बदलावाच.

निघताना तो म्हणाला, “इथल्या डिझेलमुळे इथे कुणी अडकत नाही. अडकतात ते दुसरीकडचं घेऊन येणारे.”

गुरुवार : आर्येप्लोग ते लुलेओ

सकाळी उणे २७, तोच विधी, गाडी कालच्यापेक्षा सहज उठली. आर्विद्सयाउरहून ९४ क्रमांकाने खाली उतरलो. निम्म्या वाटेवर फोनवरचा धुराच्या फिल्टरच्या तापमानाचा आकडा एकदम चढून ६०० अंशांच्या आसपास गेला. साठलेली काजळी गाडी जाळत होती. ताईला म्हटले, थांबू नकोस, असाच वेग धर. पाव तासात काजळी जवळपास शून्यावर आली. मोकळा रस्ता आणि तापलेले इंजिन मिळाले की हे काम कुणाच्या लक्षातही न येता पार पडते. संध्याकाळी लुलेओ.

शुक्रवार : लुलेओ

इथे चित्र पालटले. ताईचे ऑफिस घरापासून जेमतेम ४ किलोमीटर. सकाळी उणे १२ होते, आर्येप्लोगच्या मानाने उबदारच. आम्ही गाडीने ऑफिसला गेलो, कागदपत्रे दिली, परत आलो. दुपारी दुकानात गेलो. संध्याकाळी पुन्हा एकदा बाहेर. दर वेळी गाडी तापायला लागली की आम्ही पोचलेले असायचो. दिवसभरात कूलंट एकदाही ६० च्या वर गेला नाही, आणि काजळीचा आकडा, जो काल शून्याजवळ होता, प्रत्येक फेरीला चढत होता.

उणे ३१ ला इंजिनाचे एकदाच कठीण जाते. ४ किलोमीटरच्या फेऱ्या मात्र त्याला रोज थोडे थोडे खातात. काजळी जाळायची म्हणजे गाडी जास्तीचे डिझेल आत सोडते. मध्येच इंजिन बंद केले तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरते, तेल पातळ होते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. बॅटरीही एवढ्या वेळात सेल मारताना दिलेली वीज परत मिळवत नाही. आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीचा धोका वेगळाच. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ६० च्याही खाली टिकते, रिकामीचे उणे १० च्या आसपासच गोठू लागते. मला वाटते डिझेलबद्दलच्या वादात सगळे तापमान विचारतात, खरे विचारायला हवे ते रोजचे अंतर.

शेजारच्या जागेत विजेवरची गाडी त्याच खांबाला लावलेली. तिच्या मालकीणबाई सांगत होत्या, थंडीत पल्ला बराच घटतो, पण रोजच्या जाण्यायेण्याला प्रश्न येत नाही आणि आत बसायच्या आधीच ती गरम असते. शेजारच्या नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. थंड देश म्हणजे डिझेलच हवे, हेही आता खरे राहिले नाही.

ताईने चहा पिता पिता निकाल लावला. “ऑफिसला बस आहे, घरासमोरूनच जाते. गाडी आतल्या कामांना आणि लांबच्या फेऱ्यांना ठेवते. पण हीटर बसवून घेते.” तिने तेव्हाच गॅरेजला फोन केला. हीटर आणि वायर बसवून मिळेल, खिळ्यांचे टायरही बदलून देतील, पण हिवाळ्यातली गर्दी, दोन आठवड्यांनंतरची तारीख. मी विचारले, तोवर गाडी उभीच राहणार, बॅटरीचे काय? ताई म्हणाली, “रविवारी तुला विमानतळावर सोडायचंय ना, तेव्हा सरळ न जाता आधी पितेओपर्यंत जाऊन येऊ. तापेल नीट.”